चुन्याची खूण

लवकर येणाऱ्या हलक्या धानाची कापणी उरकली, तलावाखालच्या शेतांत, धानाच्या बांध्यांमध्ये मळणी मशीनचा धुरळा उठायला लागला, आणि त्याच आठवड्यात हेमराजची गाडी पहिल्यांदा पारीवर अडली.

आंधळगावच्या त्या बांध्यांतला धान सडकेला लागायचा तर तलावाची पार, म्हणजे मातीचा उंच बांध, चढून यावं लागतं. चढ लांब नाही, पण उभा आहे, आणि दिवाळीपर्यंत मुरमाखालची ओल काही जात नाही. हेमराजची पिकअप इतकी वर्षं भरल्या पोटी हा चढ चढत आली होती. आपली साडेचारची गाडी आहे, असं तो पानठेल्यावर सांगायचा. घ्यायला गेला तेव्हा दोन गाड्या दाखवल्या होत्या, वरून जुळ्या बहिणी. फरक होता तो मागच्या दोन चाकांमधल्या, दातेरी चक्रांच्या गोळ्यात. एकीत इंजनाकडून येणारा लांब दांडा चार वेळा फिरला की मागचं चाक एक फेरा घ्यायचं. ती सडकेवर पळणारी. दुसरीत त्याच एका फेऱ्याला दांडा साडेचार वेळा फिरायचा. ती पळायला सुस्त, पण ओझ्याला बैलासारखी खांदा देणारी. हेमराजनं धानाकडं पाहून दुसरी घेतली होती.

तीच गाडी त्या दिवशी अर्ध्या पारीवर थरथरली, खोकली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली तर जळक्या क्लचचा वास सुटला. त्याची बायको कौशल्या मागून चालत येत होती. तिनं धावत जाऊन चाकाखाली दगड सरकवला, तो चिरडत गाडी वीतभर मागं आली आणि थांबली.

"उतरवा अर्धे कट्टे," हेमराज खिडकीतून म्हणाला. तिच्याकडं त्यानं पाहिलं नाही.

धानाची पोती उतरली. मजूर बाया दोनच होत्या, म्हणून कौशल्येनं पदराची चुंबळ केली आणि ओल्या धानाचा कट्टा डोक्यावर घेतला. दुसऱ्या खेपेला तिची मान आखडली, तिसऱ्या खेपेला मुरमावर पाय सरकला आणि गुडघा फुटला. मागं भय्याजीची गाडी येऊन उभी होती. भय्याजीचीही पिकअपच, गावातली दुसरी. तो बोनटला टेकून सुपारी कातरत होता.

"हेमराज, गाडीले चारापाणी देऊन नाही राहिला का बे?"

ज्याचा धान होता तो शेतकरी हसला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "भय्याजी, उद्या माहे बाकीचे कट्टे तुमच्यानं होतीन का?"

हेमराजनं ऐकलं आणि हाताच्या पंजानं तो स्टेअरिंग पुसत राहिला.

त्या रात्री जेवताना कोणी गाडीचं नाव काढलं नाही. काढलं ते सासूनं, निर्मलाबाईनं, सकाळी तंबाखूला चुना लावता लावता.

"गाडी आखरी कोणाच्या हाताखालून गेली होती बाप्पा?"

प्रश्न हवेत होता, पण त्याचं तोंड कौशल्येकडं होतं. पावसाळ्यात गोळ्यातून तेल गळायला लागलं, तेव्हा गाडी चिखल्याला नेली होती. चिखल्याला मँगनीजच्या खाणीच्या रस्त्यावर टेकचंदचं गॅरेज, आणि टेकचंद कौशल्येचा सख्खा मोठा भाऊ. पोळ्याला नेलेली गाडी गणपती उठल्यावर घरी आली. तेल गळणं थांबलं होतं.

"दादानं तं गळती बंद करून देली," कौशल्या म्हणाली.

"मी कुठं म्हणलं नाही देली? माहेराहून गाडी आली अन् तिचं अंग बदललं, इतकंच माहं म्हणणं."

हेमराज दारात बसून टायरचा चिखल काडीनं खरडत होता. तो म्हणाला, "बदललं तं होतंच. पयलेपेक्षा हलकी पळत होती सडकेवर. मीनंच फोन करून सांगतलं होतं, टेकचंदभाऊ, तुमच्या हाताले गुण आहे."

बोलता बोलता त्याची काडी थांबली. कौशल्येला ते थांबणं दिसलं. चारची गाडी सडकेवर पळते, हे घरातल्या मांजरालाही पाठ झालं होतं.

दुपारी भय्याजी आपणहून आला. ज्याचं काम आपल्याकडं वळलं त्याच्या घरी माणूस जास्त गोड होऊन येतो. त्यानं मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला होता, गोळा न खोलता मोजायचा. मागचं चाक उचलायचं, दांड्याला खूण करायची, चाक एक फेरा फिरवायचं आणि दांडा किती फिरतो ते मोजायचं.

हेमराजनं पुढच्या चाकांना दगड लावले, गिअर काढला, हातब्रेक सोडला आणि उजव्या अंगाला जॅक चढवला. निर्मलाबाईच्या डबीतला चुना बोटावर घेऊन भय्याजीनं दांड्यावर पट्टा ओढला, टायरवर एक टिपका दिला आणि पोटावर सरपटत खाली गेला. हेमराजनं चाक फिरवलं.

"एक," खालून आवाज आला. "दोन. अन् वर इतकुसं. बस."

"बस म्हणजे?"

"म्हणजे बस. फेरा पुरा झाला तुहा."

हेमराजनं टायरचा टिपका पाहिला. तो जिथून निघाला होता तिथंच परत आला होता.

"साडेचार पाहिजे होते," तो म्हणाला.

"पाहिजे तं होते." भय्याजी बाहेर येऊन अंगावरची माती झटकू लागला. "दोन आहेत. अर्धी गाडी गेली तुही, हेमराज. गाडीवरचं नाव तेवढं पुरं आहे."

हेमराजनं तिथंच, जॅकजवळ उकिडवं बसून फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून मोठा केला. कौशल्या भिंतीला टेकून उभी होती. नवऱ्याच्या तोंडून भावासाठी असे शब्द तिनं लग्नानंतर पहिल्यांदा ऐकले. टेकचंदनं ते सगळे ऐकून घेतले. मग तो हसायला लागला. मोकळं, पोट धरून हसल्यासारखं.

"जवाई, एक चाक जमिनीवर अन् एक हवेत, असा गोळा मोजते का कोणी? अर्धा फेरा तिकडं जाते, अर्धा इकडं येते. दोनचा गोळा असता तं गाडी तुमच्या अंगणातून हालली नसती. कोण मोजून राहिला, भय्याजी का? त्याले म्हणा सुपारी कातर."

भय्याजीनं फोनकडं पाहून जीभ चावली.

"आता हात नका लावू," टेकचंद म्हणाला. "तुमच्यानं नाही होणार ते. मी भाऊबीजेले येतोच आहे, माह्या हातानं मोजून देतो."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट पानठेल्यावर होती. अर्धी गाडी, असं हेमराजला पोरंटोरं म्हणू लागली. पसरवली कोणी, हे विचारायची गरज नव्हती. पण भय्याजीनं ती अशी पसरवली की मोजणारा हेमराज होता आणि तो स्वतः नुसता बाजूला उभा होता.

दुसऱ्या दिवशी घरच्या बांधीत कापून पसरलेल्या धानाच्या कडपा गोळा करून कौशल्या भारे बांधत होती. गुडघ्याची खपली वाकताना उकलत होती. टेकचंदचं म्हणणं तिच्या डोक्यात धानाच्या कुसासारखं टोचत होतं. अर्धा तिकडं, अर्धा इकडं. मग जे आलं ते दुणं करायचं. दोन अन् इतकुसं, आणि पुन्हा दोन अन् इतकुसं. झाले चार अन् जरासे. तिनं भारा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. चार अन् जरासे म्हणजे साडेचार होत नाहीत.

तिनं शेताच्या कडेला, धुऱ्यावर पाणी पीत बसलेल्या नवऱ्याला म्हटलं, "अजी, ते दुणं केलं तरी..."

"चूप राय."

"माहं म्हणणं तं ऐका."

"आणखी हसवते का मले?" त्यानं तांब्या उपडा केला. "तुह्या भावाले चोर म्हणलं, तोंडघशी पडलो. आता पुन्हा म्हणू? मोजन तो येऊन."

ती भारे बांधत राहिली. भावावर संशय घेणाऱ्या नवऱ्याला आपण गप्प करायचं, तर इथं उलटंच चाललं होतं, आणि हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी चिखल्याहून साधनावहिनीचा फोन आला. करंज्या किती केल्या, निर्मलाबाईच्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे, असं सगळं विचारून झालं. मग वहिनी सहज म्हणाली, "तुह्या दादाचं यंदा बरं चाललं आहे माय. पयले आमची गाडी खाणीच्या चढावर अडे, कंत्राटदार रोज बोले. आता भरून तिसऱ्या गिअरवर चढते म्हणते. पोळ्यापासून बोलणं नाही खाल्लं."

"पोळ्यापासून?"

"होय ना. काय केलं काय मालूम, रातचा दिवस करून बसला होता गॅरेजात."

कौशल्येनं फोन ठेवला आणि चुलीत लाकूड सारलं. भावाचीही पिकअप होती, ह्यांच्याच कंपनीची, ह्यांच्यासारखीच. ती चारची होती. घेतली तेव्हा टेकचंदच म्हणाला होता, मले काय, सडकेवरच तं चालवायची आहे. खाणीचं काम त्याला नंतर मिळालं.

ते लाकूड ओलं होतं, धुरानं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते धुरावरच जाऊ दिलं.

कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत कौशल्येचा एक नेम असे. उजाडायच्या आधी थंड पाण्यानं अंघोळ करायची, आणि तुळशीपुढं दिवा लागेपर्यंत कोणाशी शब्द बोलायचा नाही. हा नेम तिच्या आईचा होता. आई गेली त्या वर्षापासून तो तिनं उचलला. घरात सगळ्यांना सवय झाली होती. त्या वेळात कोणी तिला काही विचारत नसे, आणि सकाळचं ते मुकेपण तिला दिवसभर पुरत असे. लहानपणी चिखल्याच्या घरी आई अशी गप्प असताना ही दोघं भावंडं तिच्या मागं मागं फिरून तिला बोलवायला पाहत. टेकचंद तर मुद्दाम गुळाचा डबा उघडायचा, आईच्या डोळ्यांदेखत खडा तोंडात टाकायचा. आई तेव्हा बोलू शकत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

भाऊबीजेला तो दरवर्षी जेवायच्या वेळेला यायचा. यंदा उजेड नीट फुटला नव्हता तेव्हाच त्याची मोटारसायकल अंगणात आली. कौशल्या ओल्या केसांनी तांब्या घेऊन न्हाणीतून निघत होती. त्यानं तिच्याकडं पाहून हात जोडले.

"बोलू नको बाई, नेम चालू दे तुहा. खाणीवर गाडी लावायची आहे म्हणून लवकर आलो. जवाई उठले का?"

हेमराज डोळे चोळत बाहेर आला. टेकचंद बसलाही नाही. "पयले ते काम. भय्याजीले बी बोलवा, त्याच्या समोरच होऊन जाऊ द्या."

भय्याजी मफलर गुंडाळून आला. ह्या वेळी तो जॅकपासून दूर उभा राहिला.

कौशल्या तुळशीच्या ओट्याशी बसली. ओटा सारवून तिनं रांगोळीची वाटी घेतली. गाडी तिच्यासमोरच आडवी उभी होती, तिच्या बाजूचं चाक उचललेलं, आणि जमिनीशी वाकून बसल्यामुळं तिला गाडीचं सगळं पोट दिसत होतं. टेकचंद बारदाना अंथरून उताणा खाली सरकला. त्यानं दांड्याच्या खालच्या, जमिनीकडच्या अंगाला चुन्याचा पट्टा ओढला.

"जवाई, एकच चाक उचललं आहे, म्हणून दोन फेरे द्या. अर्ध्याचं पुरं होते."

म्हणजे दुणंच करायचं होतं. तिच्या हातातली रांगोळीची चिमूट तशीच राहिली.

"फोनवर हे काहून नाही सांगतलं?" हेमराज म्हणाला. "मीनंच करून पाह्यलं असतं."

"तुम्ही तवा ऐकाच्या रंगात होते का?"

हेमराज खजील होऊन हसला आणि चाकाला हात घातला. दांडा फिरू लागला. पांढरा पट्टा वर गेला, दिसेनासा झाला, खाली आला. कौशल्येनं ओट्यावर एक ठिपका टाकला. पट्टा पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. दुसरा ठिपका. हेमराज टायरवरच्या टिपक्यावर नजर ठेवून सावकाश फिरवत होता, त्याला खालचं काही दिसत नव्हतं. तिसरा ठिपका. चौथा.

"चार," टेकचंद खालून म्हणाला.

चाकाचा दुसरा फेरा संपत आला होता. पट्टा खालून जरासा पुढं सरकला, टिचभर, आणि चाक थांबलं.

"अन् हे साडे. साडेचार. झालं जवाई."

कौशल्या पाहत राहिली. अर्धा फेरा झाला असता तर पट्टा वरच्या अंगाला, गाडीच्या तळाकडं गेला असता. तिला तो दिसायलाच नको होता. तो समोर होता, खाली, किंचित तिरपा, पहाटेच्या उजेडात बगळ्यासारखा पांढरा. टेकचंदनं मान वळवली आणि गाडीखालून बहिणीकडं पाहिलं. दोघांची नजर एक झाली. मग त्यानं खांद्याचा तेलकट फडका काढला आणि पट्टा पुसून टाकला.

हेमराज वाकून म्हणाला, "दाखवा बरं."

"आता काय दाखवू, पुसलं ना. पुन्हा मोजू म्हणता का?"

हे त्यानं सहज म्हटलं. पण एकदा हसं झालेल्या माणसाला पुन्हा मोजा म्हणवत नाही. हेमराजनं भय्याजीकडं पाहिलं. भय्याजीलाही ह्या प्रकरणातून लवकर बाहेर पडायचं होतं. "बरोबर आहे," तो म्हणाला. "मले बी तितकंच वाटलं."

"मंग चढून काहून नाही राहिली?" हेमराजनं विचारलं.

"क्लच घासला तुमचा. अन् कट्टे किती भरता, पाहा ना थोडं."

निर्मलाबाई दारात येऊन उभी होती. हेमराज अंगणाच्या मधोमध आला. त्यानं हातावरची माती पॅन्टला पुसली आणि टेकचंदपुढं दोन्ही हात जोडले. जावयाच्या पाया सासरचे लोक पडतात. इथं जावई हात जोडून मेव्हण्यापुढं उभा होता, शेजाऱ्याच्या आणि आईच्या देखत.

"टेकचंदभाऊ, माहं चुकलं. फोनवर बोलाचं नव्हतं तसं."

कौशल्या उठली. तिच्या हातून वाटी कलंडली, रांगोळी चारही ठिपक्यांवर सांडली. तिचं तोंड उघडलं. आईचा इतक्या वर्षांचा नेम जिभेवर आडवा आला, आणि ती जेवढा वेळ अडखळली तेवढ्यात टेकचंद पुढं होऊन म्हणाला, "बाईले पूजा करू द्या जवाई. तिचं मौन आहे. चला आपण बाहेर बसू."

त्यानं हेमराजच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला अंगणाबाहेर नेलं.

कौशल्येनं वात भिजवली. काडी पहिल्यांदा ओढली ती मोडली. दुसरी पेटली. दिवा लागला तेव्हा अंगणात बोलण्यासारखं कोणी उरलं नव्हतं.

भाऊबीजेचा पाट आतल्या खोलीत मांडला. टेकचंद टोपी घालून बसला. पुढं त्यानं आणलेली साडी घडीवर घडी ठेवलेली. कौशल्येनं त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी ओवाळली. निरांजन हातात धरून ती थांबली.

"दादा, खूण मले दिसली."

"कोणती खूण?"

"चुन्याची. साडेचार असते तं ती वर गेली असती. मले दिसली नसती."

बाहेर हेमराज कोणाला तरी सांगत होता की गाडी बरोबर आहे, क्लचचं काम आहे. टेकचंदनं निरांजनाकडं पाहिलं. त्याच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओलं होऊ लागलं.

"तुहं मौन होतं," तो हळू म्हणाला.

"तोंडाचं होतं."

पाटाच्या कडेवर नख ओढत तो म्हणाला, "कंत्राटदारानं सांगतलं होतं, ज्याची गाडी चढणार नाही त्यानं उद्यापासून येऊ नये. अन् तुमचा गोळा खोलून समोर पडला होता. धान निंगाले टाइम होता. मनलं, तोवर तो माह्या गाडीत वापरतो, माहा तुमच्या गाडीत घालतो, दसऱ्याले जसाचा तसा बसवून देतो. देवाशपथ बाई, मनात हेच होतं."

"मंग?"

"मंग जवाईचा फोन आला. म्हणे गाडी चांगली पळून राहिली, हाताले गुण आहे. मनलं, यायले तं तेच आवडलं. राहू द्या."

"पारीवर मीनं कट्टे वायले, दादा. गुडघा फुटला माहा."

"मले मालूम नव्हतं."

"फोन आला तवा मालूम झालं ना. तवा तू हसला."

त्यानं मान खाली घातली. कौशल्येनं निरांजन ओवाळलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. भाऊबीज होती, ती काही टाळता येत नव्हती. मग तिनं ताट खाली ठेवलं आणि साडी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.

"हे वहिनीले दे. गाडीची चावी खुट्याले आहे. जेवून जा अन् जाताना आमची गाडी घेऊन जा."

"जवाईले सांगशील?"

"आपणहून नाही सांगणार. त्यायनं विचारलं तं लपवणार बी नाही."

जेवायला दोघं एका पंगतीत बसले. सकाळच्या शरमेनं हेमराज सारखा आग्रह करत होता. "टेकचंदभाऊ, आणखी एक पुरी घ्या. खीर वाढ ना वो त्यायले." टेकचंद नाही म्हणत नव्हता, हो म्हणत नव्हता, पानावर पडलेलं गिळत होता. निर्मलाबाई म्हणाली, "भाऊ असावा तं असा. इतकं बोलणं खाल्लं, पण आला." कौशल्या तळणीवर पुरी दाबत होती. ती फुगलीच नाही.

जाताना टेकचंदनं मोटारसायकल इथंच ठेवली आणि पिकअप काढली. क्लच पाहून देतो म्हणाला.

गाडी दहा-अकरा दिवस आली नाही. त्या दिवसांत भय्याजीनं तलावाखालचा निम्मा धान वाहिला. हेमराज धुऱ्यावर बसून पारीकडं पाही. उशिरा येणारा भारी धान अजून कापायचा होता, खरं काम तिथंच होतं, आणि गाडी चढली नाही तर तेही जाणार होतं. चिखल्याहून साधनावहिनीचा फोन आला नाही. एरवी ती एक दिवसाआड फोन करायची.

पौर्णिमा दोन दिवसांवर असताना संध्याकाळी टेकचंद गाडी घेऊन आला. त्याच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, दाढी वाढलेली होती. चावी त्यानं हेमराजच्या हातात दिली. पाणी नको म्हणाला. बसा म्हटलं तर खाणीवरचं काम सुटलं आहे, दुसरं पाहायला जायचं आहे, असं काहीतरी तोंडातल्या तोंडात बोलला. मोटारसायकलला किक मारताना त्यानं बहिणीकडं पाहिलं.

"झालं बाई," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. तो गेला, धूळ बसली, आणि तिच्या लक्षात आलं की आपला त्या एका शब्दावर विश्वास बसलेला नाही. लहानपणी ह्याच भावाचं बोट धरून ती खाणीच्या टेकडीवर करवंदं खायला जायची. कोणतं करवंद चांगलं, हे तो चाखून सांगायचा, आणि ती डोळे मिटून तोंड उघडायची.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंघोळ करून ती अंगणात आली. तांब्या तुळशीच्या ओट्यावर ठेवला. सासूच्या डबीतला चुना तिनं रात्रीच बोटभर काढून पळसाच्या पानावर ठेवला होता. पुढच्या चाकांना दगड लावले. जॅकचा दांडा वरखाली करताना तिच्या ओल्या बांगड्या वाजत होत्या, त्या तिनं कोपरापर्यंत चढवल्या. चाक जमिनीपासून सुटलं. गिअर काढलेला होता. हातब्रेक कसा सोडतात ते तिनं इतकी वर्षं पाहिलं होतं, बटण दाबून खाली. मग गाडीखाली हात घालून दांड्याच्या खालच्या अंगाला तिनं पट्टा ओढला आणि टायरवर टिपका दिला.

चाक जड होतं. दोन्ही हातांनी रेटत तिनं एक फेरा पुरा केला, श्वास घेतला, दुसरा सुरू केला. दर थोड्या वेळानं वाकून ती पट्टा पाही. एक. दोन. तीन. चार. टिपका अजून जागेवर आला नव्हता. तिनं चाक सावकाश पुढं ढकललं, आणि पट्टा खालून सरकत सरकत कडेला गेला, कडेवरून वर गेला.

टिपका जागेवर आला. ती गुडघ्यांवर बसून गाडीखाली पाहत राहिली. सगळा दांडा काळा होता. पांढरं काही दिसत नव्हतं.

"काय करून राहिली?"

हेमराज दारात उभा होता. त्यानं जॅक पाहिला, दगड पाहिले, तिच्या बोटांचा चुना पाहिला. तिनं तुळशीकडं हात केला, दिवा लागायचा आहे म्हणून.

तो येऊन तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि वाकला.

"खूण केली होती?"

तिनं मान हलवली.

"दिसून तं नाही राहिली."

तो आणखी वाकला, एक हात जमिनीला टेकून, आणि दुसरा हात त्यानं दांड्याच्या वरच्या अंगावरून फिरवला. हात बाहेर काढला तेव्हा बोटांना ओला चुना लागला होता. तो त्या बोटांकडं पाहत बसला. तलावाकडून पाणकोंबड्यांचा आवाज येत होता. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं, आणि दुसरं काही चढत गेलं.

कौशल्येनं उठून हात धुतले, वात सारखी केली आणि दिवा लावला. तिनं तुळशीला नमस्कार केला, तेवढा वेळ तो थांबला.

"त्या दिवशी खूण दिसत होती?" त्यानं विचारलं.

"होय."

"अन् मीनं हात जोडले."

"मीनं पाह्यलं," ती म्हणाली.

जॅकजवळ सरकून त्यानं स्क्रू सैल केला, आणि गाडी सावकाश खाली उतरत जमिनीवर बसली.